दाबाचा काटा

"राहू द्या ना, मामा. बोनेट उघडून आता काय मिळणार?" जावई गॅरेजच्या दारातूनच म्हणाला.

"कर नाही त्याला डर कशाला?" मिस्त्रीने बोनेट वर करून दांडीला टेकवलं.

गाडी वीस वर्षांची, टर्बोची. एका बाजूचं दार पार आत चेपलेलं. त्या दाराशी मिस्त्रीची एकुलती एक लेक बसली होती. सात महिन्यांपूर्वी ट्रकला ओलांडायला जावयाने गाडी बाहेर काढली, समोरून टँकर आला, आणि परत आत शिरता शिरता गाडी ट्रकवर आदळली. लेक जागीच गेली. जावई एका पायाने लंगडत घरी आला. त्या लंगडण्याचासुद्धा मिस्त्रीला राग यायचा. लंगडत का होईना, हा जिवंत तर आहे, असं वाटायचं.

पहिले आठ दिवस जावई एकच सांगत होता, की गाडीने ऐनवेळी दम सोडला. मिस्त्रीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. अपघाताच्या आदल्याच दिवशी त्याने स्वतः गाडी तपासून दिली होती. मग जावई पोलिसांच्या आवारात गाडी बघून आला आणि त्याची भाषाच बदलली. चूक माझीच, म्हणायला लागला. चोराच्या मनात चांदणं, असं मिस्त्री तेव्हा बायकोला म्हणाला होता. परवा गाडी पोलिसांकडून सुटली, तर हा ती भंगारात घालायला निघालेला. मिस्त्रीने भांडून ती इथे ओढून आणली. उद्या कोर्टात त्याची साक्ष होती. गाडी ठणठणीत होती, हे तो शपथेवर सांगणार होता, आणि त्याच्या एका वाक्यावर जावई तुरुंगात जाणार होता.

त्याने पेट्रोलच्या नळीला दाब मोजायचं गेज जोडलं. इंजिन सुरू केलं. काटा हवा तिथे जाऊन थांबला. तुझा बाप खोटा नव्हता, बाई, तो मनात म्हणाला.

पण टर्बोच्या गाडीचं तेवढ्यावर भागत नाही. टर्बो इंजिनात जितकी हवा कोंबेल तितका पेट्रोलचा दाबही चढायला लागतो. ही खबर एक बारीक रबरी नळी पोचवते. ती बंद पडली, तर गाडी एरवी गुमान चालते आणि जोर लावला की नेमकी उपाशी पडते.

मिस्त्रीने त्या नळीला हातपंप लावून हवा भरली. काटा हलला नाही. त्याने आणखी भरली. काटा ढिम्म.

नळी चाचपत त्याचा हात इंजिनामागे गेला. तिथलं टोक सुटलेलं होतं आणि त्याच्या तोंडात काहीतरी घट्ट बसवलेलं होतं. त्याने ते ओढून काढलं. लाल पेन्सिलीचा तुकडा होता.

दाब मोजताना ही नळी काढून तिचं तोंड बंद करतात. बाकीचे मिस्त्री त्यात स्क्रू घालतात. हा मिस्त्री कानामागची पेन्सिल घालायचा. लेक शाळेत शिकवायची. वह्या तपासून उरलेले लाल तुकडे तीच त्याला आणून द्यायची. "आत विसरू नका हं, बाबा," म्हणून हसायची. तपासणीच्या दिवशी गाडी न्यायलाही तीच आली होती, आणि आवरा, आवरा म्हणून मागे लागली होती.

मिस्त्री वाकलेला तसाच राहिला. त्याला रडूही येईना. इंजिन एका सुरात चालू होतं.

जावई लंगडत आत आला. त्याने आधी इंजिन बंद केलं. मग मिस्त्रीची मूठ उघडून पेन्सिल काढून घेतली आणि स्वतःच्या खिशात टाकली.

"पोलिसांनी तेव्हा हात लावू दिला नाही, नाहीतर तिथेच काढली असती," तो म्हणाला. "उद्या ठरलंय तेच सांगा, मामा. गाडी ठणठणीत होती."