पत्र्यावरची थाप

किर्गिझस्तानातल्या ओशच्या घाटात ट्रक रांगायला लागला, की चोर मागून चढायचे आणि ताडपत्री फाडून माल खाली फेकायचे. म्हणून ड्रायव्हर कुबातचा धाकटा भाऊ सुयून मालातच बसून यायचा. केबिनच्या मागच्या पत्र्यावर त्यानं एक थाप मारली म्हणजे सगळं ठीक, चल पुढे. दोन मारल्या म्हणजे चोर चढलाय, थांब.

गेल्या हिवाळ्यात चोरांनी सुयूनलाच दरीत ढकललं.

आज मागे नुसते गालिचे होते. दोऱ्या कुबातनं स्वतः आवळल्या होत्या.

अर्ध्या चढावर, लख्ख उन्हात, पत्र्यावर दोन थापा पडल्या.

कुबातचा पाय ब्रेकवर गेला. तेवढ्यात मागून कुणीतरी घसा फोडून ओरडलं, "दादा, थांब! पाया पडतो, उतरू दे मला! इथं आत कुणीतरी बसलंय!"

"माझा भाऊपण तुझ्या पाया पडला असेल, हरामखोरा," कुबात दात खाऊन म्हणाला आणि त्यानं ब्रेकवरचा पाय उचलला.

आरशात ताडपत्री आतून फुगली, थरथरली आणि हळूहळू सपाट झाली. ओरडणं थांबलं.

मग त्याच्या पाठीमागे पत्र्यावर थाप पडली. एकच.