मागच्या दारचा उतार

जमिनीची पातळी जुळवायच्या पाण्याच्या नळीत मुगाएवढा एक बुडबुडा अडकला होता. शुभाने बोटाने टिचकी मारली, तसा तो हळूहळू वर सरकला आणि फुटला. नळीतलं पाणी किंचित खाली बसलं.

"आता खूण करा," ती म्हणाली. "हवा अडकली की पाणीसुद्धा खोटं बोलतं."

अंगणाच्या दुसऱ्या टोकाला नळी खुंटीशी धरून बसलेल्या शरच्चंद्रांनी, तिच्या नवऱ्याने, खडूने रेघ ओढली. मुलुंडच्या त्यांच्या बैठ्या बंगल्यामागची जमीन मुळात उंचसखल. पावसाळा सरला होता, हिरवळीचं बी आणून ठेवलं होतं, पण जमीन तळहातासारखी सपाट झाल्याशिवाय पेरायचं नाही, असा त्यांचा हट्ट होता.

"खंडू, हे ढेकूळ राहिलं बघ."

"सायबानू, ढेकळाक काय दात आसत?" माळी कुरकुरला आणि त्याने पुन्हा फावडं उचललं.

मागच्या पडवीच्या दोन पायऱ्या तर त्यांनी मुरूम आणि विटांचे तुकडे घालून बुजवूनच टाकल्या होत्या. वर धुमसाने ठोकून घट्ट केलेला लांबलचक उतार. शुभाने शाळेत जन्मभर विज्ञान शिकवलेलं. तिने तो नजरेनेच मोजला. बारा फुटांत एक फूट.

"माझ्या गुडघ्यांना इतकं काही नको होतं हो. एक कठडा बसवला असतात तरी चाललं असतं."

"असू दे," ते मान वर न करता म्हणाले. "उतारच बरा."

कुंपणापलीकडून शेजारच्या रत्नप्रभाने डोकं काढलं. "शुभा, आमच्या ह्यांनी रंगीत टीव्ही आणला, तोसुद्धा स्वतःला मॅच बघायला! आणि तुझा नवरा बघ, बायकोच्या गुडघ्यांसाठी डोंगर सपाट करतोय. लकी आहेस बाई!"

"दृष्ट लावू नकोस गं," शुभा म्हणाली आणि या वयात लाजली.

लाजण्यासारखं या घरात बरीच वर्षं काही घडलं नव्हतं. शरच्चंद्रांच्या मरोळच्या कारखान्यात प्रेमा टेलिफोनवर बसायची. ते प्रकरण उघडकीला आलं, तेव्हा त्यांनी लहानग्या नंदाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली होती की विषय संपला. शुभाने ती ऐकून घेतली आणि लेकीला घेऊन मागच्या खोलीत झोपू लागली. नंदा लग्न होऊन गेली, तरी शुभाचं अंथरूण तिथेच राहिलं.

गेल्या आठवड्यात मात्र ते जेवताना अचानक म्हणाले, "शुभा, तू आता पुढच्या खोलीत ये. किती दिवस असं?" दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः तिचं कपाट पुढे हलवलं. मागच्या खोलीचा उंबरठाही काढून टाकला. ती अडखळायची ना तिथे.

दुपारी त्यांनी खंडूच्या ढकलगाडीत पाण्याने भरलेली बादली ठेवली. "चढव उतारावर. थेंब सांडता कामा नये."

खंडूने गाडी चढवली, उतरवली. थोडं पाणी हिंदकळलं. त्यांनी मुरूम पुन्हा ठोकायला लावला.

"बाईंका घाटच बांधून दिलात, सायबानू!"

"आणि मी काय बादली आहे?" शुभा खळखळून हसली. शरच्चंद्र हसले नाहीत. त्यांचं लक्ष पाण्याकडे होतं.

"उरलेलं आजच आटपू," ते म्हणाले. "उद्या गुरुवार. मी जोगेश्वरीला बुद्धिबळाला जाणार."

ऊन उतरल्यावर खंडू गेला. दोघांनी मिळून वाळूत कालवलेलं बी पेरलं. शुभा उतारावरून चालत पडवीत गेली, पुन्हा खाली आली. गुडघा दुखला नाही. इतकी वर्षं मनात घट्ट धरून ठेवलेलं आता सोडायला हवं, असं तिला वाटलं.

"अहो, एक बोलायचं राहून गेलंय. प्रेमाचं." तिने हातावरची माती झटकली. "मी माफ केलं तुम्हाला. मनापासून."

शरच्चंद्रांनी घमेलं खाली ठेवलं. त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी तिचे दोन्ही हात हातात घेतले.

"बरं झालं, तूच विषय काढलास. किती महिने सांगू सांगू म्हणतोय, तोंडच उघडत नव्हतं. तिच्या पायांतलं बळ गेलंय गं. वर्षभर जोगेश्वरीच्या खोलीतून खाली उतरलेली नाही, चाकाच्या खुर्चीशिवाय हलता येत नाही." त्यांनी उताराकडे पाहिलं. "गवत जरा धरलं की मी प्रेमाला इथे घेऊन येतोय. कायमची."