पहिल्या पानाचं अक्षर

पत्रिकांचा गठ्ठा छापखान्यातून आला तेव्हा शाईचा वास अजून गेला नव्हता. अक्षरकाराने वरचीच पत्रिका उचलली आणि खिडकीशी नेली. मुलीचं नाव आणि जावयाचं नाव, दोन्ही त्याने स्वतः घडवलेल्या छापील अक्षराच्या वळणात होती. जाड, उजवीकडे झुकलेलं, अक्षराच्या प्रत्येक काठीच्या टोकाला छोटासा पाय फुटलेलं वळण. बारीक मजकुरात त्याचं काही खरं नव्हतं. पण मोठं लावलं की सगळं पान त्याचंच व्हायचं.

आयुष्यात एवढं एकच वळण त्याच्या हातून पुरं झालं होतं. ते काढताना त्याच्या डोळ्यांसमोर आनंदाची बातमी घेऊन घरात धावत शिरणारा माणूस होता. नाटकाच्या जाहिराती, लग्नपत्रिका, सगळीकडे ते मिरवेल अशी त्याची भाबडी समजूत. प्रत्यक्षात गिऱ्हाईक मिळालं एकच, गावातलं दैनिक. तेही रोज वापरायचं नाही. पूल पडला, बस दरीत गेली, आग लागली की पहिल्या पानावर हेच अक्षर. अशा दिवशी तो पान हातात घेऊन दोन अक्षरांमधली फट बघत बसायचा.

"माणसं मेलीत, आणि तुम्ही वेलांटी बघताय," बायको एकदा चिडून म्हणाली होती. त्याला ते फार लागलं. सवय मात्र सुटली नाही.

आता वयामुळे हात थरथरू लागला होता. दुसरं वळण होणं नाही, हे तो मनोमन जाणून होता, आणि त्या विचाराने खचून जायचा. एकदा तरी, एका तरी घरात हे अक्षर चांगली बातमी घेऊन जावं, एवढंच मागणं उरलं होतं. मुलीने दुसरं एखादं साधं अक्षर सुचवून पाहिलं. मग बापाचा चेहरा बघून तिनेच तो विषय सोडला.

पहिली पत्रिका विहीणबाईंना द्यायला तो स्वतः गेला. बाई मोजकं बोलणाऱ्या. कारखान्याच्या आगीत नवरा गेला, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून त्यांनी घरात वर्तमानपत्र येऊ दिलं नव्हतं. मुलाचं लग्न ठरलं तेव्हापासून जरा हसू लागल्या होत्या. चहापाणी झालं, इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या. त्याने पत्रिका त्यांच्या हातात दिली आणि अधाशासारखा त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला.

चष्मा आतल्या खोलीत राहिला होता. बाईंनी पत्रिका हातभर लांब धरली. नावं काही वाचता येईनात. दिसलं ते फक्त काळं, जाड, झुकलेलं अक्षर. त्यांचं हसू मावळलं. शेजारी बसलेल्या मुलाचा दंड त्यांनी घट्ट धरला.

"कोण गेलं?" त्यांनी विचारलं.