पुलाच्या अलीकडे

मॅनेजरबाई पडदा सरकवून खोलीत ऊन कसं येतं ते दाखवत होत्या, आणि आई भिंतीच्या तळाशी वाकून काहीतरी शोधत होती.

"काही पडलं का आजी?"

"फोनचा पॉइंट कुठंय?"

लेकीने कपाळाला हात लावला. महिनाभरात बघितलेलं हे चौथं वृद्धनिवास. लोक अशा ठिकाणी विचारतात, डॉक्टर कधी येतो, जेवण मऊ असतं का. आईचं आपलं एकच. टेलिफोन एक्स्चेंजात चौतीस वर्षं ऑपरेटर होती ती. कानावरचा हेडफोन उतरून जमाना झाला, डोक्यातून काही उतरला नव्हता.

पॉइंट कपाटामागे निघाला. मॅनेजरबाईंना हुरूप आला.

"आमच्याकडे तीन टप्पे आहेत बघा. हातपाय चालतात तोवर ही खोली. मग पहिला मजला, तिथे अंघोळीला, औषधाला माणूस. आणि मग दुसरा मजला, नर्स चोवीस तास. एकदा आलात की शेवटपर्यंत दुसरं दार शोधायला नको."

"म्हणजे मॅट्रिक ते बालवाडी, एकाच शाळेत," आई म्हणाली. "बालवाडीत पॉइंट आहे?"

"तिथे कशाला आजी? वरच्यांना फारसं काही कळत नसतं हो."

"मला नाही कळलं तरी घंटा वाजली पाहिजे. कुणीतरी उचलेल. चला, दाखवा."

जिन्यात लेकीने आईचा दंड धरला. मॅनेजरबाई पुढे गेल्या तशी ती हळूच म्हणाली, "आई, पुलापलीकडचं काय वाईट होतं गं? बाग आहे, माझं घर पाच मिनिटांवर. रोज संध्याकाळी आले असते. इथे यायला मला दोन बसेस बदलाव्या लागतात."

"पुलापलीकडे दुसरं एक्स्चेंज. नंबर बदलतो."

घोडं पहिल्यापासून इथेच पेंड खात होतं.

"तुझ्या धाकट्याला करायचाच असता तर अकरा वर्षांत एक फोन केला नसता?"

आई कठड्याला धरून थांबली. "भांडून गेला तेव्हा माझ्याकडे मोबाइल तरी होता का? तुझं नवं घर त्याला ठाऊक नाही. हा एकच नंबर आहे त्याच्यापाशी. दुसरीत होता तेव्हा पाठ करून घेतला होता मी. हरवलास तर सांगायला."

लेकीला सगळं माहीत होतं. घरी आई अजून न्हाणीघराचं दार किलकिलं ठेवून अंघोळ करायची, घंटा ऐकू यावी म्हणून. माहीत होतं, तरी आज तिला राहवलं नाही.

"आणि जी रोज येणार, तिचं काय?"

आईने तिच्याकडे पाहिलं. आवाज एकदम मऊ झाला. "तू सापडलेली आहेस गं, बाळा."

वरची खोली लख्ख होती. भिंतीलगत मधोमध एक लोखंडी खाट, उशाशी स्टूल. पॉइंट लांब, पलीकडच्या कोपऱ्यात, त्यावरूनच रंग फासलेला. कुणी कधी वापरलाच नव्हता.

"अहो आजी, नंबराचं एवढं काय घेऊन बसलात?" मॅनेजरबाई हसून म्हणाल्या. जिन्यातलं बोलणं त्यांच्या कानावर पडलं होतं, मनात काही वाकडं नव्हतं. "जुन्या नंबरावर कुणी केलाच, तर त्याला कळतंच की, बंद झाला म्हणून."

आई ताठ उभी राहिली. घसा साफ केला. आणि खोलीत एक भलताच आवाज उमटला, स्वच्छ, तरुण, मायेचा लवलेश नसलेला.

"आपण फिरवलेला क्रमांक अस्तित्वात नाही. कृपया क्रमांक तपासून पाहा."

मॅनेजरबाईंनी टाळीच वाजवली. "अगदी हुबेहूब! रेकॉर्ड लावल्यासारखं!"

"मीच आहे ती. साहेबांनी आठ जणींतून माझा आवाज निवडला होता. मी घरी येऊन म्हणून दाखवलं तर धाकटा हसून हसून लोळला. मग दिवसभर जो भेटेल त्याला सांगत सुटला, तुम्ही अस्तित्वात नाही म्हणून." आईही क्षणभर हसली. मग कोपऱ्यातल्या पॉइंटकडे बघत म्हणाली, "अजून तेच लावतात. अकरा वर्षांनी पोराने नंबर फिरवायचा, आणि मी त्याला हे ऐकवायचं?"

मॅनेजरबाईंचे टाळी वाजवलेले हात तसेच राहिले.

लेकीने पर्स खाली ठेवली. खाटेचं डोक्याकडचं टोक दोन्ही हातांनी धरलं आणि ओढलं. फरशीवर खाट किंचाळली. मॅनेजरबाई पुढे झाल्या, त्यांनी दुसरं टोक धरलं. दोघींनी मिळून ती पार कोपऱ्याला भिडवली. लेकीने स्टूल उशाशी सरकवलं आणि त्यावर आपला मोबाइल ठेवला.

"हा तुझा फोन समज. आडवी हो."

आई चपलांसकट खाटेवर आडवी झाली. पदर नीट केला, डोळे मिटले. मग तिचा उजवा हात उठला, हवेत चाचपडला, आणि मोबाइलवर येऊन टेकला.

"हात पुरतो," ती डोळे न उघडता म्हणाली.