श्वासाचा ठसा

आखातातल्या त्या विमानतळावर शैलजाबाईंनी ओळख पटवणाऱ्या यंत्राच्या नळीत तिसऱ्यांदा फुंकर मारली. पुन्हा लाल दिवा.

"मावशी, व्हिसा काढताना दिलेल्या श्वासाशी हा जुळत नाही," काउंटरवरची जुलेखा म्हणाली. ती मूळची रत्नागिरीची. "आज काही खाल्लं नाहीत का?"

"निर्जळी संकष्टी आहे गं. लेकीसाठीच धरलीय. चारला तिचं सिझेरियन आहे, मूल आडवं आहे. जावई बोटीवर, जवळ कुणी नाही."

"उपाशी पोटी श्वास बदलतो. चार घास खा, अर्ध्या तासात जुळेल. नाहीतर पाचच्या विमानानं परत पाठवतील."

"चंद्रोदयानंतर नाही का चालणार?"

"मावशी, रोजा मीसुद्धा मोडत नाही. पण यंत्राला कुठला चंद्र?" जुलेखानं डब्यातला खजूर पुढं केला.

शैलजाबाईंनी घड्याळ पाहिलं. अडीच. त्यांनी डोळे मिटले. "देवा, व्रत मी मोडतेय. त्याचं फळ तिच्या पदरी घालू नकोस."

खजूर फार गोड होता. तो गिळताना त्यांना रडू फुटलं.

तीन वाजता त्यांनी पुन्हा फुंकर मारली. दिवा लालच.

त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि हात पुढं केला. "आणखी दे गं."