बांधापलीकडे सोडलेले किडे

विजयमालानं द्राक्षाच्या खोडाची सुटलेली साल नखानं वर केली आणि आतला पांढरा किडा अलगद पत्र्याच्या डबीत पाडला. भर दुपार होती. बागेत चिटपाखरू नव्हतं. बांधापलीकडच्या बागेची मालकीण सोनम, म्हणजे तिची धाकटी जाऊ, नवऱ्याबरोबर सांगलीला गेली होती. ती परतायच्या आत काम उरकायचं होतं.

तिला मोठेच किडे हवे होते. पिठ्या ढेकूण, म्हणजे वेलीचा रस शोषणारी पांढरी कीड; त्याची बारकी पिल्लावळ घडाघडाला चिकटली होती, तिला तिनं हात लावला नाही. हे मोठे वेगळेच होते. अंगावर कापसाचे झुपके, आणि एका जागी बसून न राहता सालीवरून तुरुतुरु पळायचे. असले दांडगे ढेकूण तिनं आजवर पाहिले नव्हते. पण ते कुठून आले, याबद्दल तिला शंका नव्हती. आठवड्यापूर्वी भल्या पहाटे सोनम विजयमालाच्या वेलींच्या ओळीतून वाकून बाहेर पडताना दिसली होती. हातात बाटली होती. विजयमालाला पाहताच बाटली पदराआड धरून सोनम बांध ओलांडून गेली होती.

वाटणी झाली तेव्हा दोन्ही बागा सारख्याच होत्या. एकच जात, एकच विहीर. तरी तासगावचा व्यापारी आला की आधी सोनमच्या बागेत शिरायचा. सोनम कुठलंसं प्रशिक्षण घेऊन आली होती आणि बागेत किडे पाळते म्हणे. पलूसहून बायका तिची बाग बघायला यायच्या, तिला मधे उभी करून फोटो काढायच्या. विजयमाला आपल्या मांडवाखालून ते हसणं ऐकायची. तेही तिनं सोसलं असतं. पण परवा जेवताना तिचा स्वतःचा नवरा, उदयसिंह, म्हणाला, "सोनमला इचार की जरा. तिच्या बागंत एक ढेकूण न्हाई."

तिनं ताट बाजूला सारलं. वेली लावल्यापासून तिनं या बागेत हाडं झिजवली होती, आणि आता कालच्या पोरीला विचारायला जायचं.

मण्यांत पाणी उतरलं होतं. काढणी तोंडावर आल्यानं औषध मारायची सोय राहिली नव्हती. आता ज्याच्या बागेत कीड शिरेल, त्याचा माल बेदाण्यालासुद्धा कुणी घेणार नव्हतं. सोनमनं वेळ बरोबर साधली, असं विजयमाला मनाशी म्हणाली.

डबी भरल्यावर तिनं बांध ओलांडला. पलीकडचे घड उन्हात काचेसारखे दिसत होते. क्षणभर तिचा हात थांबला. मग नवऱ्याचं ते वाक्य आठवलं. तिनं पहिल्याच ओळीत खोडाखोडावर डबी झटकली.

मागं वळली तर विहिरीपाशी सासरे उभे होते. नानासो.

"काय सोडलंस गं?" त्यांनी विचारलं.

"सोनमचं सोनमला," विजयमाला म्हणाली.

नानासोंनी जवळ येऊन खोडावर पळणारे किडे निरखले. मग मान डोलावली. "ब्येस केलंस," म्हणाले आणि काठी टेकत निघून गेले. म्हातारपणानं त्यांना काही उमजलं नसावं, अशी तिनं मनाची समजूत घातली.

त्यानंतर रोज सकाळी ती बांधावर जाऊन पलीकडं बघायची. काही होत नव्हतं. सोनमचे घड तसेच झळझळीत. तिच्या स्वतःच्या बागेत मात्र कीड झपाट्यानं वाढत होती. घड चिकट झाले, त्यावर काळी बुरशी धरू लागली. मोठे किडे वेचून टाकल्यावरही असं कसं, हे तिला कळेना. रात्री डोळा लागेना. ज्यानं त्यानं सोनमचंच कौतुक गावं, आणि किड्यानंही तिच्या वेलीला तोंड लावू नये.

एका सकाळी सोनम थेट अंगणात आली. आधी तूच सोडलेस, हे वाक्य विजयमालानं ओठांवर आणून ठेवलं.

सोनमनं वाकून तिच्या पायांना हात लावला.

"आक्का, नानांनी सांगितलं मला."

विजयमालानं पाय मागं घेतले.

"ती कापसासारखी अळी दिसायला ढेकणावानीच असती," सोनम म्हणाली, "पण ढेकूण खाऊनच जगती. मोठी झाली की तिचा ढालकिडा हुतो. तुमच्या बागंत लय कीड दिसली, म्हणून माझ्याकडच्या हुत्या नव्हत्या तेवढ्या अळ्या तुमच्यात सोडल्या. इचारलं असतं तर तुमी नको म्हनला असता, म्हणून चोरून. आन मग माझ्याच बांधाकडच्या ओळीत ढेकूण शिरला. आमी दोघं सांगलीला गेलो, तर तिथं अळ्या शिल्लक न्हवत्या. हात हलवत परत आलो, तर नाना म्हनले, थोरलीनं आणून सोडल्या."

ओठांवरचं वाक्य विजयमालानं गिळलं.

सोनमनं पिशवीतून बाटली काढली. आत पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या. "काल आली. ही आधी तुमच्या बागंत सोडायची."

विजयमालाचा हात पुढं होईना. तेव्हा सोनमनंच तो धरला आणि बाटली तिच्या मुठीत ठेवली. सोनमचे डोळे भरून आले होते.

"सवताची बाग उघडी टाकून जावंची राखायची," ती म्हणाली, "असं कोण करतं, आक्का?"