पिसांचा साचा

"ताई, माझ्या बाणांना पिसं तूच चिकटव ना," म्हणत धाकटी सरावाला गेली.

धनुष्य धरायला तिला मीच शिकवलं, आणि फ्रिजवर पेपरातलं कात्रण लागतं ते तिचं! पिसं सारखी बसावीत म्हणून ज्या साच्यात बाण धरतात, त्याचा स्क्रू मी मुद्दाम सैल केला. प्रत्येक बाणावर पिसं जराजराशी वेगळी कलली. उद्याच्या आम्हा दोघींच्या निवड चाचणीत बघू म्हटलं, तिचा कसा लागतो नेम!

दळण घेऊन परतले, तर धाकटी साच्यापाशी बसलेली, बोटं गोंदाने माखलेली.

"तुझ्या बाणांची पिसं झिजली होती ना? सगळी खरवडून नवी लावली. साचा तू नीट लावलेला असणारच, म्हणून स्क्रूला हातसुद्धा लावला नाही."